नुसत्या इनकमिंगचा हिशोब

३५, ९९, १५५, १९९.

आपण कुणाला फोन करायचा नाही, आलेला तेवढा उचलायचा, एवढ्यापुरता मोबाइल चालू ठेवायला एअरटेलचा सर्वांत स्वस्त रिचार्ज किती रुपयांचा होता, त्याचे हे आकडे आहेत. मधले काही टप्पे सोडले आहेत. २०१८च्या अखेरीस ३५ रुपयांत २८ दिवस मिळत. २०२१च्या अखेरीस तेवढ्याच दिवसांना ९९ रुपये पडू लागले. २०२३मध्ये १५५ रुपये झाले आणि दिवस २४वर आले. रिचार्जची रक्कम वाढली की दुकानात कुरकुर होते, पण चार दिवस कापले गेले की कुणी बोलत नाही. जुलै २०२४मध्ये १९९ रुपयांत पुन्हा २८ दिवस आले. दिवसाचा भाव काढला तर आधी सव्वा रुपया, मग साडेतीन रुपये, मग जवळपास साडेसहा आणि शेवटी सात रुपये अकरा पैसे. साडेपाच वर्षांत पावणेसहा पट. सर्वसाधारण महागाई याच काळात दीडपटीच्या आतच राहिली.

सरकारी भाषणांत मात्र दुसरीच जोडी ऐकू येते. २०१४मध्ये एक जीबी डेटा सुमारे २६९ रुपयांना पडत होता, आता तो दहा रुपयांच्याही खाली आला आहे. हाही आकडा खरा आहे. देश तोच आणि कंपन्याही त्याच, पण एक रेघ खाली जाते आणि दुसरी वर. ज्याला बघायचं, बोलायचं, पाठवायचं आहे त्याच्यासाठी काळ स्वस्ताईचा आला. ज्याला नुसतं ऐकायचं आहे त्याच्यासाठी उलटं झालं. म्हातारे आईबाप आणि दूर गेलेली मुलं यांच्यातल्या डिजिटल संपर्काबद्दल लिहिताना आपण बहुतेक वेळा पहिली रेघ धरतो. नंदुरबार जिल्ह्यात दुसरी रेघ धरून चालल्याशिवाय काही समजत नाही.

न्याय म्हणून एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ३५ रुपयांत २६ रुपयांचा टॉकटाइम मिळायचा, १९९ रुपयांत देशभर कितीही बोला आणि वर दोन जीबी डेटाही घ्या. रोज अर्धा तास बोलणाऱ्याला १९९ रुपयेच परवडतात. प्रश्न आहे तो स्वतः फोन लावताच न येणाऱ्या, पण फोनची वाट पाहणाऱ्या माणसाचा.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यातले ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आणि दर सहा जणांतले पाच जण खेड्यात राहणारे. साक्षरता ६४.३८ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत खाली. राज्याची सरासरी ८२.३४. जिल्ह्यातल्या स्त्रियांची साक्षरता ५६ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे सात वर्षांपुढच्या सगळ्यांचे आहेत. देशभरातल्या साठीपुढच्या माणसांत २०११मध्ये साक्षर होते सुमारे ४४ टक्के, त्यातही स्त्रिया २८ टक्के. नंदुरबारमधल्या सत्तरीच्या बायकांचा आकडा कुठे असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

या म्हाताऱ्यांची मुलं कुठे जातात? दोन-तीन टक्के मुलं पुण्यात आयटीत किंवा अमेरिकेत असतीलही. शहादा-तळोद्याच्या बागायती पट्ट्यातल्या घरांत तशी मुलं आहेत, आणि त्या घरांतला संपर्काचा प्रश्न पुण्यामुंबईच्या घरांसारखाच, म्हणजे घड्याळाचा आहे. इकडे रात्रीचं जेवण चाललेलं असताना तिकडे सकाळची मीटिंग सुरू. पण जिल्ह्याचा मुख्य ओघ पश्चिमेला, गुजरातेत. सुरतचे कारखाने आणि बांधकामं, बारडोलीच्या आसपासची ऊसतोड, शेतमजुरी. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोड मजुरांवर १९७८मध्ये लिहिलं तेव्हाही खानदेशातून गेलेले मजूर त्यात होते. तेव्हाची व्यवस्था आजही ओळखू येते. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास ‘कोयता’ म्हणजे जोडी घेऊन निघायचं, पडावावर पाल ठोकायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि कधी कधी शाळेत जाणारी नातवंडं.

अंतर फार नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार ते सुरत सुमारे १६० किलोमीटर. वाटेत नवापूरचं स्टेशन आहे, ज्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. पण मोबाइलच्या नकाशावर ही १६० किलोमीटर बरीच वर्षं फार लांब होती, कारण गुजरात हे वेगळं टेलिकॉम सर्कल. महाराष्ट्राचं सिम घेऊन उच्छलच्या हद्दीत शिरलं की रोमिंग सुरू. २०१३पर्यंत रोमिंगमध्ये आलेला फोन उचलायला मिनिटाला पावणेदोन रुपयांपर्यंत पडत. जुलै २०१३पासून ही मर्यादा ७५ पैशांवर आली, मे २०१५पासून ४५ पैशांवर. १० मिनिटांच्या फोनचा हिशोब करा: घरून आईने फोन लावला तर तिच्या बॅलन्समधून पैसे जाणार आणि उचलल्याबद्दल मुलाच्या खिशातून आधी साडेसतरा, मग साडेसात, मग साडेचार रुपये जाणार. २०१२-१३मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १४५ रुपये होती. बोलणं दोन मिनिटांत उरकलं जायचं, ते प्रेम कमी होतं म्हणून नव्हे. काहींनी गुजरातचं दुसरं सिम घेतलं, म्हणजे मग आईच्या बाजूने एसटीडी. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं ते रोमिंग फुकट ठेवून, आणि २०१७मध्ये इतर कंपन्यांनीही ते सोडलं. व्हिडिओ कॉलचं जेवढं कौतुक होतं तेवढं रोमिंग जाण्याचं कधी झालं नाही. माझ्या मते सातपुड्यातल्या घरांसाठी त्या काळातला मोठा बदल हाच होता.

मिस कॉलची भाषाही याच काळातली. दोन वेळा वाजून बंद झाला तर ‘पोचलो’, पुन्हा पुन्हा वाजला तर ‘लाव, काहीतरी आहे’. २००३मध्ये देशात इनकमिंग फुकट झालं, तेव्हापासून ही भाषा चालू शकली. फोन ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने करायचा, दुसऱ्याने फक्त घंटा द्यायची. या व्यवस्थेत म्हातारीचा फोन महिनोन् महिने शून्य रुपयांत जिवंत राहायचा, कारण आजीवन इनकमिंगची सिमकार्डं बाजारात होती. २०१८मध्ये किमान रिचार्ज आला आणि ही व्यवस्था मोडली. घंटा द्यायची असेल तरी, घ्यायची असेल तरी, आधी पैसे भरा.

किती पैसे? २०१८-१९मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०३ रुपये होती, ३५ रुपये म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीचा सहावा हिस्सा. २०२४-२५मध्ये मजुरी २९७ झाली, १९९ रुपये म्हणजे दोन तृतीयांश. पण म्हातारी माणसं रोजगार हमीवर जात नाहीत किंवा कमी जातात. त्यांचं उत्पन्न म्हणजे श्रावणबाळ या राज्याच्या पेन्शन योजनेचे पैसे. ही रक्कम २०१८मध्ये महिन्याला ६०० रुपये होती, मग १,०००, आणि २०२३मध्ये १,५०० झाली. ६०० रुपयांतून ३५ म्हणजे सहा टक्क्यांच्या आत. १,५०० रुपयांतून १९९ म्हणजे तेरा टक्क्यांच्या वर. पेन्शन अडीचपट झाली, रिचार्ज पावणेसहा पट. वाढलेल्या नऊशे रुपयांतला मोठा भाग तेल, मीठ, औषधात गेला असेल हे धरलं, तर फोनसाठी उरतं काय?

हे गणित दिल्लीलाही दिसलं, पण उशिरा. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्राय या दूरसंचार नियामकाने नियम केला: प्रत्येक कंपनीने डेटा नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा एक तरी रिचार्ज ठेवलाच पाहिजे. कारणं देताना ज्येष्ठ नागरिक आणि ग्रामीण ग्राहक यांचा उल्लेख होता, आणि देशात अजून सुमारे १५ कोटी लोक साध्या फोनवर आहेत हेही नमूद होतं. कंपन्यांना हे नको होतं. जानेवारी २०२५मध्ये एअरटेलने ४९९ आणि १,९५९ रुपयांचे पॅक आणले, टीका झाल्यावर काही दिवसांतच ते ४६९ (८४ दिवस) आणि १,८४९ (३६५ दिवस) वर आणले. जिओचे ४४८ (८४ दिवस) आणि १,७४८ (३३६ दिवस). दिवसाचा भाव साधारण पाच ते साडेपाच रुपये. सात रुपये अकरा पैशांपेक्षा कमी, सव्वा रुपयापेक्षा चौपट.

आता खोच पाहा. या पॅकमध्ये २८ दिवसांचा लहान पर्याय नव्हता. सगळ्यांत लहान तो ८४ दिवसांचा. गरीब माणूस तेल पाच किलोच्या डब्यात घेत नाही, पावशेर घेतो. त्याला माहीत असतं की डबा स्वस्त पडतो, पण डब्याएवढे पैसे एकदम हातात नसतात. ४६९ रुपये म्हणजे श्रावणबाळच्या एका महिन्याच्या रकमेचा जवळपास तिसरा हिस्सा, आणि वर्षाचा १,८४९चा पॅक पूर्ण महिन्याच्या पेन्शनपेक्षाही जास्त. म्हणून ज्यांच्यासाठी नियम झाला तेच २८ दिवसांचा महाग रिचार्ज घेत राहतात. त्यातल्या त्यात स्वस्त पडतो तो जिओभारत फोन: जुलै २०२३मध्ये हँडसेट ९९९ रुपयांना आला आणि त्याचा रिचार्ज १२३ रुपयांत २८ दिवस, म्हणजे दिवसाला चार रुपये चाळीस पैसे. पण त्यासाठी जुना बटणाचा फोन टाकून द्यावा लागतो, आणि गावात जिओची रेंज लागते.

रेंजकडे वळू. नोव्हेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांना ४जी देण्यासाठी ६,४६६ कोटी रुपये मंजूर केले. पाच राज्यांतली ती गावं होती. महाराष्ट्राची चार जिल्ह्यांतली ६१० गावं त्यात आली, आणि राज्याच्या चार आकांक्षित जिल्ह्यांत गडचिरोली, वाशिम, तेव्हाचं उस्मानाबाद यांच्याबरोबर नंदुरबार आहे. पुढच्या वर्षी जुलैमध्ये देशभरातल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची बीएसएनएलची योजना आली. म्हणजे जिओ येऊन पाच वर्षं झाली तरी शेकडो गावं कोरी होती, हे सरकारनेच मान्य केलं. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत गाव म्हणजे एक ठिकाण नसतं. डोंगरांवर विखुरलेले पाडे मिळून एक गाव होतं. टॉवर गावात आला असं कागदावर लिहिलं तरी दोन टेकड्यांपलीकडच्या पाड्यावर तो पोचत नाही. म्हणून रेंज मिळणारी ठरावीक जागा असते: एखादा माथा, एखादं झाड, रस्त्याचं एखादं वळण. तरुण पोरगा तिथे चढून जातो, गुडघे दुखणारी म्हातारी जात नाही. आणि आलेला टॉवर नुसता ४जीचा असेल तर म्हाताऱ्यांच्या हातातल्या जुन्या २जी हँडसेटला त्याचा काही उपयोग नाही. नवी सोय आली की जुनं साधन निकामी होतं, याचा हिशोब ७,२८७ गावांच्या आकड्यात कुठे धरलेला दिसत नाही.

मग घरातल्या दुसऱ्या फोनचं काय? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२५च्या सुरुवातीच्या पाहणीत देशातल्या ८५.५ टक्के कुटुंबांत किमान एक स्मार्टफोन असल्याचं आढळलं. आकडा मोठा आहे, आणि फसवाही आहे. घरात फोन असणं आणि म्हाताऱ्याच्या हातात तो असणं यात बराच फरक पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी महाराष्ट्रात २०१९मध्ये झाली. स्वतः वापरते असा मोबाइल ज्यांच्याकडे आहे अशा स्त्रिया ५४.८ टक्के. कधी तरी इंटरनेट वापरलं आहे अशा ३८ टक्के, ग्रामीण भागात २३.७, पुरुषांत ६१.५. आणि या पाहणीत विचारलं कुणाला? १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना. पन्नाशीच्या पुढची बाई या आकड्यात नाहीच. म्हणजे सुनेकडे फोन आहे का ते देशाला माहीत आहे, सासूचं विचारलेलंच नाही.

घरातला एकमेव स्मार्टफोन ऑक्टोबरमध्ये मुलाच्या खिशातून पडावावर जातो, हे तर कुठल्याच तक्त्यात येत नाही. आणि याहून मोठी गंमत पुढे आहे. ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची ‘लासी’ ही पाहणी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये केली. त्यात साठीपुढचे ६ टक्के लोक एकटे राहणारे आणि २० टक्के फक्त जोडीदारासोबत राहणारे निघाले. उरलेले बहुतेक मुलाबाळांत. पण अशा पाहण्यांत साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला माणूस घरातलाच धरतात. ऊसतोडीचा हंगाम नेमका या मर्यादेच्या आसपास संपतो. नंदुरबारचा म्हातारा कागदावर मुलगा, सून, नातवंडांच्या भरल्या घरात राहतो, आणि कार्तिकापासून होळीपर्यंत चुलीजवळ एकटा असतो. एकाकी वृद्धांच्या आकड्यात हा जिल्हा फारसा दिसत नसेल तर त्याचं कारण हे असू शकतं.

एवढ्या अडचणींतून जो संपर्क टिकतो तो मुख्यतः आवाजाचा. भिलीचे बोलणारे २०११च्या जनगणनेत देशभर एक कोटी चार लाख होते. आठव्या अनुसूचीबाहेरच्या भाषांत ही सर्वांत मोठी. अहिराणी ज्यात मोजली जाते त्या खानदेशीचे १८ लाख ६० हजार. पावरी, मावची, अहिराणीत रोज बोलणारी माणसं मोबाइलवर लिहायला बसली की मराठीत किंवा गुजरातीत लिहितात, आणि म्हातारी माणसं लिहीतच नाहीत. त्यामुळे शहरी लेखांत व्हिडिओ कॉलला जे स्थान असतं ते इथे व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘व्हॉइस’ला आहे. २०१३मध्ये आलेली ही सोय. रेंज नसलेल्या पाड्यावर कुणाच्या तरी फोनवर बोलून ठेवायचं, नातू माथ्यावर गेला की ते आपोआप निघतं. उत्तर आलं की पाड्यावर आणून ऐकवायचं, हवं तर चार वेळा. मिनिटभराच्या निरोपाला काहीशे केबी लागतात, व्हिडिओ कॉलच्या मिनिटाला काही एमबी, आणि त्याला दोन्हीकडे एकाच वेळी चांगली रेंज लागते. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये व्हिडिओ कॉल आला खरा. नातवाचं तोंड बघायला त्याला तोड नाही. पण ‘लावून दे रे’ म्हणायला कुणीतरी शेजारी लागतं, आणि ते पोरगं कॉल संपेपर्यंत तिथेच उभं असतं. सुनेबद्दल, पैशांबद्दल, दुखण्याबद्दल बोलायचं असेल तर म्हातारी त्याच्यासमोर काय बोलणार? साध्या फोनवर, कानाला लावून, ती एकटी बोलू शकते. लाजलज्जेचा हा मुद्दा कुठल्याही पाहणीच्या प्रश्नावलीत मला दिसलेला नाही.

आणखी एक धागा याच जिल्ह्यातून निघतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत. प्रत्येक माणसाला स्वतःचा वेगळा क्रमांक, ही कल्पना इथून सुरू झाली. मोबाइल क्रमांक मात्र घरात एक किंवा दोन. आईच्या आधारला जोडलेला क्रमांक मुलाचा असेल, तर तिचा ओटीपी सुरतला जातो. पेन्शनचं काम असो की बँकेचं, सेवा केंद्रावर बसलेल्या म्हातारीला मुलाला फोन लावून आकडे विचारावे लागतात, आणि तो उसाच्या फडात असेल तर संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. सहा आकडे सांगायला केलेला फोनही फोनच; त्यात ‘जेवलीस का’ येऊन जातं. पण त्यासाठी पुन्हा तिच्या बाजूचं सिम चालू पाहिजे.

ते चालू ठेवण्याचं काम हल्ली बहुधा मुलंच करतात. यूपीआय आल्यापासून आईचा रिचार्ज आई मारत नाही, मुलगा पडावावरून मारतो. पैसे भरून झाले की ‘मारला ग’ असं सांगायला तिला फोन करतो. साध्या फोनवरून पैसे देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं, पण त्यालाही बँक खात्याला जोडलेला चालू क्रमांक लागतोच. एखाद्या महिन्यात मुलाच्या हातात पैसे नसले तर इनकमिंग बंद पडतं. ९० दिवस वापर नसेल तर क्रमांकच जातो. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस तो राखला जातो, ही ट्रायची २०१३पासूनची तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. क्रमांक गेला की ओटीपी गेला, मिस कॉल गेला, आणि तो क्रमांक नव्या गिऱ्हाइकाला मिळाल्यावर मुलाला पलीकडून अनोळखी माणूस बोलताना ऐकू येतो.

यावर करता येण्याजोगी एक गोष्ट हिशोबातूनच सुचते. ट्रायने डेटाशिवायचा पॅक सक्तीचा केला, तसाच बाहेर फोन न लावणारा, फक्त इनकमिंग आणि एसएमएसचा, २८ दिवसांचा पॅक साठीपुढच्या ग्राहकांसाठी सक्तीचा करता येईल. २०१८चा दिवसाला सव्वा रुपयाचा भाव महागाईने दीडपट धरला तरी दोन रुपयांच्या आत बसतो, म्हणजे २८ दिवसांना ५३ रुपयांच्या आत. श्रावणबाळच्या १,५०० रुपयांत तो साडेतीन टक्के. तोवर दुसरी वाट मुकादमाच्या उचलीची आहे. उचल हातात येते तेव्हाच घरात एकरकमी पैसे असतात, आणि १,७४८ किंवा १,८४९ रुपयांचा वर्षभराच्या आसपासचा पॅक तेव्हाच मारता येतो. तो मारून निघालं की पुढचा हंगाम संपेपर्यंत आईचा फोन वाजत राहतो, मुलाची मजुरी थकली तरी.